झाडांची तहान आणि वेळेवरचें पाणी

(दुष्काळनिवारण समितीच्या अहवालास जोडलेला अभ्यासलेख)



अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर वगैरे उपनगरांतून आपण ह्या समितीस जें साहाय्य करीत आलां आहां, त्याचा हिशेब ह्या अहवालांत अन्यत्र दिलाच आहे. त्या हिशेबांत ‘फळबागांस पाणी’ असें एक नवें खातें आपणांस आढळेल. तें पाहून आमच्या कांहीं स्नेह्यांनीं आम्हांस सरळ प्रश्न केला कीं, “माणसांस प्यावयास पाणी नाहीं, गुरांस चारा नाहीं, अशा वेळीं झाडांस पाणी पाजणें हा दानाचा अपव्यय नव्हे काय?” प्रश्न रास्त आहे. आपला पैसा कोठें जातो हें विचारण्याचा दात्यास अधिकार आहे, आणि त्याचें उत्तर देणें हें आमचें कर्तव्य आहे.

परंतु हें उत्तर नुसत्या भावनेनें देतां येण्यासारखें नाहीं. झाड पाणी कसें घेतें, तें शेंड्यापर्यंत कसें नेतें, आणि एवढ्या कष्टानें मिळविलेलें पाणी अखेर हवेंत कां सोडून देतें, ह्या तीन गोष्टी आधीं समजून घेतल्या पाहिजेत. त्या समजल्या म्हणजे कोणतें दान झाडास तारतें व कोणतें वायां जातें, याचा निर्णय वाचकांस स्वतःच करतां येईल. म्हणून हा विषय आम्ही थोडा विस्तारानें मांडीत आहों.

१. आपल्या दारांतील धडा

आपल्या उपनगरांत जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत सरासरीनें दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. मराठवाड्यांत त्याच चार महिन्यांची सरासरी सुमारें ६८० मिलिमीटर आहे. आणि २०१५ सालीं त्या सरासरीहूनहि शेंकडा सुमारें ४० नें पाऊस कमी झाला. तथापि पावसाची एवढी समृद्धि असूनहि आपल्याकडील ऑक्टोबरपासून मेअखेरपर्यंतचा काळ बहुतेक कोरडाच जातो. मुंबईची तहान भागविण्याकरितां १८६० सालीं विहारचा व १८७९ सालीं तुळशीचा तलाव बांधून पुरा झाला. हे दोन्ही तलाव आज बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरांत आहेत. मनुष्यानें आठ महिन्यांची तजवीज अशी केली. त्याच डोंगरांतील झाडांनीं ती कशी केली?

फेब्रुवारी-मार्च महिन्यांत ह्या उद्यानांत फिरावयास जाणाऱ्यानें साग आणि सावर ह्या दोन वृक्षांकडे लक्ष द्यावें. साग आपलीं थोरलीं पानें टाकून देऊन उघडा होत जातो. सावरीवर तर पान नसतें, आणि तशा स्थितींत ती तांबड्या फुलांनीं भरून जाते. आंवक थांबली असें दिसतांच एखादा जुना पेढीवाला खर्चाचीं खातीं एकामागून एक बंद करतो, तसाच हा प्रकार आहे. पान हेंच झाडाच्या पाण्याच्या खर्चाचें मुख्य खातें होय. ज्या झाडांस तें बंद करतां येतें, त्यांस उन्हाळा सोसतो. मोसंबीसारखीं सदाहरित फळझाडें मात्र बारा महिने पानें धरून असतात. त्यांचा खर्च कमी होतो, पण थांबत नाहीं. ही गोष्ट पुढील विवेचनांत ध्यानांत ठेवावी.

२. मुळें पाणी कसें घेतात

मूळ सर्वांगानें पाणी पितें असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः जुनीं, जाड मुळें झाडास आधार देतात व पाणी वाहून नेतात. पाणी घेण्याचें काम बहुतांशीं कोंवळ्या मुळांकडे असतें. अशा मुळाच्या टोंकाच्या किंचित् मागें केसांहूनहि बारीक असे असंख्य तंतु फुटलेले असतात. त्यांस मूलरोम म्हणतात. ते मातीच्या कणांमध्यें शिरून कणाभोंवतीं चिकटलेली पाण्याची पातळ फिल्लम टिपून घेतात. ह्या रोमांचें आयुष्य थोडें असतें. मूळ पुढें सरकतें तसे मागचे रोम गळतात व पुढें नवे येतात. मोसंबीच्या मुळांवर हे रोम विरळ असतात, आणि त्यांची उणीव मुळांशीं सहजीवन करणारी एक जातीची बुरशी बऱ्याच अंशीं भरून काढते. अशीं अन्नपाणी घेणारीं बारीक मुळें बहुतेक जमिनीच्या वरच्या दोन-अडीच फुटांतच पसरलेलीं असतात. आणि उन्हाळ्यांत प्रथम कोरडा पडतो तो हाच थर.

पाणी मुळांत शिरतें तें कोणत्या नियमानें? घरांतील दोन उदाहरणांनीं हें स्पष्ट होईल. सुकी मनुका पाण्यांत टाकली तर कांहीं वेळानें ती फुगते. उलट कैरीच्या फोडींस मीठ लावून ठेवलें तर फोडींतील पाणी सुटून भांड्यांत जमतें. पातळ पडद्याच्या ज्या बाजूस विरघळलेले क्षार अथवा साखर अधिक, त्या बाजूकडे पाणी ओढलें जातें. ह्या क्रियेस परासरण म्हणतात. मुळाच्या पेशींतील रस मातींतील पाण्याहून दाट असतो, म्हणून पाणी आंत येतें. माती खारी झाली, तर कैरीच्या फोडीप्रमाणें उलट व्यवहार सुरू होण्याची भीति असते.

ह्याचें उत्तम उदाहरण आपल्या पूर्वेस ठाण्याच्या खाडीकांठीं आहे. मुलुंड, भांडुप, विक्रोळी ह्या बाजूस चिखलांत जें तिवराचें रान उभें आहे, त्याच्या पायाशीं दिवसांतून दोनदां भरतीचें पाणी येतें. तरी तिवरास पाण्याची चैन नाहीं. खारें पाणी पिणें त्यास महाग पडतें. त्याच्या मुळांतील गाळणी बहुतेक मीठ बाहेरच अडविते, आणि जें थोडें आंत शिरतें तें पानांवरील सूक्ष्म ग्रंथींवाटें बाहेर टाकलें जातें. तिवराचें पान जिभेस लावून पाहिलें तर ही गोष्ट कळते. तिवराच्या अंगीं ही विद्या आहे. मोसंबीच्या, आंब्याच्या किंवा डाळिंबाच्या अंगीं ती ह्या प्रमाणांत नाहीं. म्हणून भोंवतालीं पाणी किती आहे, एवढ्यावर झाडाची तहान ठरत नाहीं. त्यांतलें किती पाणी मुळास ओढून घेतां येतें, ह्यावर ती ठरते.

काळ्या जमिनीचीहि गोष्ट अशीच आहे. पाऊस पडून जास्तीचें पाणी निचरून गेलें, मातींत ओल राहिली आणि हवाहि खेळूं लागली, म्हणजे शेतकरी म्हणतो कीं वाफसा आला. झाडास सर्वांत सुखाची अवस्था ती हीच. तेथून जमीन जसजशी सुकते, तसतसें उरलेलें पाणी मातीच्या कणांशीं अधिकाधिक घट्ट चिकटतें. अखेर मूळ आणि माती ह्यांची ओढाताण वातावरणाच्या दाबाच्या सुमारें पंधरापट झाली, म्हणजे बहुतेक पिकांचीं मुळें हार खातात. त्यावेळीं वाळूसर जमिनींत वजनाच्या शेंकडा चार-पांच भाग पाणी उरलेलें असतें. भारी काळ्या जमिनींत कधीं कधीं शेंकडा वीसच्या आसपास. ढेकूळ हातांत घेतलें तर गार लागतें, आणि पीक मात्र मान टाकतें. त्यांतच काळी जमीन सुकतांना भेगाळते, आणि त्या भेगा बारीक मुळांस तोडून टाकतात.

३. पाणी शेंड्यापर्यंत कसें चढतें

श्रावणांत आपल्या टेंकड्यांवर तेरडा फुलतो. त्याचें एक झाड मुळासकट उपटून, स्वच्छ धुऊन, तांबडा रंग मिसळलेल्या पाण्यांत उभें करावें. त्याचें खोड कांचेसारखें असल्यामुळें थोड्याच वेळांत आंतून तांबड्या रेषा वर चढतांना दिसतात. ह्या रेषा म्हणजेच काष्ठांतील जलवाहिन्या. त्या मृत पेशींच्या पोकळ नळ्या असून मुळापासून पानाच्या शिरेपर्यंत अखंड गेलेल्या असतात.

आपल्या इमारतींत वरच्या मजल्यावर पाणी चढविण्यास वीज व पंप लागतो, आणि त्याचें बिल दरमहा येतें. झाडांत तर कोठें पंप दिसत नाहीं. वरून हवा काढून घेऊन पाणी ओढावें म्हटलें, तर सामान्य शोषक पंपास तें सुमारें दहा मीटरांपलीकडे ओढतां येत नाहीं. मग त्याच्या दुपटी-तिपटीनें उंच असलेल्या वृक्षांच्या शेंड्यास पाणी पोंचतें कसें? आचार्य जगदीशचंद्र बसु यांनीं १९२३ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत असें मत मांडलें कीं, खोडांतील जिवंत पेशी स्पंदन पावून रस वर ढकलतात. आज शास्त्रज्ञ तें मत स्वीकारीत नाहींत. डब्लिन येथील हेन्री डिक्सन व जॉन जोली ह्यांनीं १८९४ सालीं मांडलेली उपपत्तिच आज सामान्यतः मान्य झालेली आहे.

ती अशी: पाण्याचे कण एकमेकांस फार बळकट धरून असतात. बारीक नळींत कोंडलेल्या पाण्याचा स्तंभ मोटेच्या नाड्याप्रमाणें ताण सहन करूं शकतो. पानांतून पाण्याची वाफ होऊन ती बाहेर जाते, तेव्हां पानांतील पाणी मागील कणांस ओढतें, ते त्यांच्या मागील कणांस ओढतात, आणि ही ओढ खोडांतून थेट मुळांपर्यंत पोंचते. ओढणारा बैल म्हणजे सूर्य. झाडास त्याचें बिल येत नाहीं.

परंतु मोटेचा नाडा जसा फार ताणला असतां तुटतो, तसा हा पाण्याचा नाडाहि तुटतो. जमीन पाणी सोडीत नाहीं आणि वरून ऊन ओढीत आहे, अशा कात्रींत वाहिनी सांपडली म्हणजे तींत हवेचा बुडबुडा शिरतो व ती नळी निकामी होते. लहान वनस्पतींत रात्रीं मुळांकडील दाबानें अशा कांहीं नळ्या पुन्हा भरूं शकतात. वृक्षांत मात्र पुष्कळदां नवें काष्ठ तयार होईपर्यंत ती हानि भरून निघत नाहीं. थोड्या नळ्या गेल्या तर एखादी फांदी वाळते. बहुतेक गेल्या तर झाड जातें. त्यानंतर बुडाशीं टाकी ओतली तरी पाणी वर चढण्यास मार्गच उरलेला नसतो. आमच्या उत्तराचा अर्धा भाग ह्या एका गोष्टींत आहे.

४. एवढें पाणी खर्च कां होतें

पानाच्या पृष्ठभागावर, विशेषतः खालच्या बाजूस, डोळ्यांस न दिसणारीं छिद्रें असतात. एका चौरस सेंटीमीटरांत तीं हजारोंनीं मोजावीं लागतात. त्यांस पर्णरंध्रें म्हणतात. त्यांतून वाफेच्या रूपानें पाणी बाहेर जाणें ह्यास बाष्पोत्सर्जन असें नांव आहे. सोसायटीच्या आवारांतील एखाद्या झाडाच्या पालेदार डहाळीस सकाळीं स्वच्छ पारदर्शक पिशवी बांधून ठेवावी. दुपारपर्यंत पिशवीच्या आंत पाण्याचे थेंब जमलेले दिसतील. मुळांनीं घेतलेल्या पाण्यापैकीं शेंकडा ९५ हून अधिक भाग अशा रीतीनें हवेंत जातो. झाडाच्या अंगीं लागतें तें फारच थोडें.

मक्याचें एक झाड आपल्या आयुष्यांत सुमारें दोनशें लिटर पाणी असें उडवितें. अमेरिकेंतील ब्रिग्ज व शांट्झ ह्या शास्त्रज्ञांनीं गेल्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत केलेल्या प्रयोगांत एक किलो सुका पाला-दाणा तयार करण्यास ज्वारीस सुमारें ३२० किलो, गव्हास सुमारें ५१० किलो, आणि लसूणघासास सुमारें ८३० किलो पाणी लागलें. हवा व जमीन बदलली म्हणजे हे आंकडे बदलतात. परंतु त्यांतील क्रम ध्यानांत घेण्यासारखा आहे. आपल्या पूर्वजांनीं कोरडवाहु प्रदेशांत ज्वारी-बाजरी पिकविली, तिच्यामागें हीच काटकसर होती.

इतका तोटा झाड सोसतें कां? कारण तीं छिद्रें उघडल्याशिवाय त्यास अन्न मिळत नाहीं. हवेंतील कार्बन डायऑक्साइड वायु त्याच छिद्रांतून आंत येतो, आणि सूर्यप्रकाशाच्या साहाय्यानें त्याची साखर बनते. दुकानाचें दार उघडल्याशिवाय गिऱ्हाईक आंत येत नाहीं, आणि दार उघडें असलें कीं आंतील गारवा बाहेर जातो. शिवाय वाफ होतांना उष्णता खर्ची पडते, म्हणून पान गार राहतें. घाम आल्यानें आपलें अंग गार राहतें तसेंच हें आहे.

प्रत्येक छिद्रास दोन रक्षक पेशी असतात. त्या पाण्यानें फुगल्या म्हणजे दार उघडतें, सैल पडल्या म्हणजे मिटतें. जमीन सुकूं लागली कीं झाडांत एक रासायनिक द्रव्य वाढतें, आणि त्याच्या इशाऱ्यानें पान कोमेजण्यापूर्वींच दारें मिटूं लागतात. निवडुंग व घायपात ह्यांनीं तर दिवसा दारें मिटून तीं रात्रीं उघडण्याची रीत स्वीकारली आहे. इतर झाडांस मात्र दार मिटलें कीं उपास पडतो, आणि त्यांचें पान उन्हांत तापूं लागतें. दार उघडें ठेवावें तर तहानेनें मरण, मिटावें तर उपासानें क्षीण होणें, असा हा पेंच आहे. सांठविलेल्या अन्नावर झाड कांहीं दिवस, कांहीं आठवडे काढतें. परंतु त्या सांठ्यास मुदत असते.

५. ताण आणि दुष्काळ

मराठवाड्यांतील मोसंबीवाल्या शेतकऱ्यास ही मुदत शास्त्राचीं पुस्तकें न वाचतांहि ठाऊक आहे. बहार धरावयाचा असला म्हणजे तो बागेचें पाणी मुद्दाम तोडतो. आंबे बहाराकरितां हिवाळ्याच्या आरंभीं, मृग बहाराकरितां उन्हाळ्यांत, जमिनीचा मगदूर पाहून तो कांहीं आठवडे पाणी बंद ठेवतो. पानें मलूल होतात, कांहीं गळतात. ह्यास तो ‘ताण देणें’ म्हणतो. मग योग्य दिवशीं पाणी देऊन तो ताण तोडतो, आणि झाड फुलतें. ताण किती द्यावा आणि कधीं तोडावा, ह्यांतच त्याचें कौशल्य आहे. ताण देण्याचें धाडस तो करतो, कारण विहिरींतील पाणी त्याच्या हातीं असतें.

दुष्काळ हाहि ताणच आहे. फरक इतकाच कीं, तो तोडणें शेतकऱ्याच्या हातीं नसतें. २०१२-१३ सालच्या अवर्षणांत हें भयंकर रीतीनें दिसून आलें. जालना जिल्ह्यांत, तसेंच त्याला लागून असलेल्या व आज छत्रपति संभाजीनगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यांत, मोसंबीच्या विस्तीर्ण बागा वाळून गेल्या. विहिरी आटल्या, विंधनविहिरी कोरड्या निघाल्या, आणि ज्यांस शक्य होतें त्यांनीं टँकरनें पाणी विकत घेऊन झाडें जगविण्याची शिकस्त केली. पुष्कळांस अखेर वाळलेलीं झाडें तोडून सरपण करावें लागलें.

हें नुकसान एका हंगामाचें नव्हे. ज्वारीचें पीक गेलें, तर पुढच्या पावसाळ्यांत नवें पेरतां येतें. मोसंबीचें कलम लावलें तर चांगलें उत्पन्न हातीं येण्यास पांच-सहा वर्षें जातात. वाळलेली बाग म्हणजे शेतकऱ्याचें बुडालेलें भांडवल होय. व्यापाऱ्यांस हें अधिक स्पष्ट करून सांगण्याची जरूर नाहीं: एका सालचा नफा गेला तर पेढी टिकते, भांडवल गेलें तर दार बंद करावें लागतें. आणि त्यावर काढलेलें कर्ज मात्र झाडाबरोबर वाळत नाहीं.

६. दानाचा विनियोग कसा व्हावा

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. माणसाच्या पिण्याच्या पाण्यास पहिला मान आहे. गुरांच्या पाण्यास दुसरा. ह्याविषयीं आमच्या समितींत मतभेद नाहीं. गांवच्या पिण्याच्या विहिरीचा थेंबहि बागेस जाऊं नये, अशी आमची अट आहे. तिसरा मान मात्र आम्ही फळझाडांस देतों, कारण तीं उद्यांचें अन्न आहेत, आणि त्यांस दिलेल्या मदतीस वेळेची मर्यादा आहे. धान्याचें पोतें पंधरा दिवस उशिरां पोंचलें तर हाल होतात, तरी तें उपयोगीं पडतें. झाडाचें पाणी त्याच्या वाहिन्या निकामी झाल्यावर पोंचलें, तर त्याचा कांहींच उपयोग नाहीं.

कोणतें पाणी, किती व कसें, हेंहि हिशेबानें ठरवावें लागतें. एक एकर जमिनीवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे सुमारें चार हजार लिटर. दहा हजार लिटरांचा टँकर एका एकरावर सारखा पसरला, तर अवघा अडीच मिलिमीटरांचा थर होईल. मे महिन्यांत मराठवाड्यांत उघड्या भांड्यांतील पाणी दिवसाला दहा मिलिमीटरांच्या आसपास आटतें. तेव्हां तो थर सायंकाळपर्यंतहि टिकणार नाहीं. १२ एप्रिल २०१६ रोजीं मिरजेहून लातुरास पहिली पाण्याची आगगाडी पोंचली, तींत पांच लाख लिटर पाणी होतें. तेवढें पाणी पन्नास एकरांवर पसरलें, तरी थर तोच अडीच मिलिमीटरांचा. पण हाच एक टँकर एका एकरांतील शंभर-सव्वाशें झाडांच्या मुळांशीं ठिबकानें दिला, तर प्रत्येकाच्या वाट्यास ऐंशी ते शंभर लिटर येतात; आणि वर उंसाचें पाचट, गवत किंवा काडीकचरा अंथरला, तर त्यांतलें पुष्कळसें मुळांस मिळतें.

ह्यावरून आमच्या समितीनें पुढील नियम ठरविले आहेत.

पहिला: टँकर पाठविण्यापूर्वीं बागेंत आच्छादन झालेलें असावें. आच्छादनाशिवाय पाणी दिलें जाणार नाहीं. एकवेळ पाणी कमी द्यावें, पण आच्छादन आधीं पोंचवावें.

दुसरा: पाण्याचा खारेपणा तपासल्याशिवाय तें झाडास देऊं नये. खोल विंधनविहिरीचें पाणी पुष्कळदां क्षारयुक्त असतें. तें वारंवार दिलें आणि पावसानें जमीन धुतली गेली नाहीं, तर मुळांभोंवतीं क्षार सांचतात व कैरीच्या फोडीची गत होते. त्याच कारणास्तव कोरड्या जमिनींत रासायनिक खत टाकूं नये.

तिसरा: झाडाचा खर्च कमी करावा. त्या सालचा बहार काढून टाकावा, गर्दीच्या व वाळक्या फांद्या छाटाव्या, बुंध्यास बोर्डो मलम लावावें, आणि पानांवर केओलिन ह्या पांढऱ्या मातीची फवारणी करून ऊन परतवावें. फळें काढतांना शेतकऱ्याच्या डोळ्यांस पाणी येतें. पण बाग वांचविण्यासाठीं त्या सालचें उत्पन्न सोडावें लागतें.

चौथा: थोडें व नियमित पाणी द्यावें, एकदम तुंबवूं नये. मुळांस हवाहि लागते. वाफसा हेंच प्रमाण मानावें.

पांचवा: जेथें झाडें निश्चित मेलीं आहेत, तेथें पाण्यावर पैसा घालूं नये. तेथें शेतकऱ्यास नव्या कलमांसाठीं व तोंपर्यंतच्या निर्वाहासाठीं मदत करावी. फांदीची साल नखानें खरवडून आंत हिरवेपणा आहे किंवा नाहीं हें ठिकठिकाणीं पाहिल्यास बहुधा निर्णय करतां येतो.

हे उपाय आणीबाणीचे झाले. दुष्काळ नसलेल्या वर्षीं करावयाचें काम ह्याहून मोलाचें आहे. १९२३ सालीं पुण्याजवळ मांजरी येथें कोरडवाहु शेतीच्या संशोधनास आरंभ झाला, आणि १९३३ सालीं सोलापुरास त्यासाठीं केंद्र निघालें. शेतास बांध घालावे, जमीन खोल नांगरावी, शेणखत द्यावें, बीं विरळ पेरावें, आणि वारंवार कोळपावें, हें तेथील शिकवणुकीचें सार आहे. “एक कोळपणी, अर्धें पाणी” असें शेतकरी म्हणतात, त्याचें कारणहि आतां वाचकांच्या ध्यानांत येईल. कोळप्यानें भेगा बुजतात, पाणी पिणारें तण मरतें, आणि वर भुसभुशीत मातीचा थर पसरून खालची ओल झांकली जाते. १९७२ च्या दुष्काळांत महाराष्ट्रांत दुष्काळी कामांवर लक्षावधि हातांनीं बांध घातले व पाझर तलाव खणले. अशा कामांचा गाळ काढणें, फुटलेले बांध सांधणें, ह्यांवर चांगल्या पावसाच्या सालीं खर्चिलेला रुपया दुष्काळांतील टँकरच्या रुपयाहून अधिक दिवस टिकतो, अशी आमची खात्री आहे.

७. विनंति

दुष्काळ आपल्यापासून दूर आहे असें आपणांस वाटूं नये. २०१६ च्या उन्हाळ्यांत घाटकोपर पश्चिमेस भटवाडीच्या मैदानावर मराठवाड्यांतून आलेलीं कुटुंबें पाल ठोकून राहिलीं होतीं. नांदेडाकडील शेतकरी व शेतमजूर तेथें चुली मांडून नाक्यावर कामाची वाट पाहत उभे राहत. २०२३ सालीं पावसानें ऑगस्टांत दगा दिला, तेव्हां सरकारनें राज्यांतील ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. शेतांतील मूळ आणि माती ह्यांचा संबंध तुटला म्हणजे माणसाचाहि गांवाशीं संबंध तुटतो, आणि तो माणूस आपल्याच उपनगरांत येऊन उभा राहतो. त्यास येथें मदत करणें हें पुण्य आहेच. पण त्याची बाग जगली असती तर त्यास येथें यावेंच लागलें नसतें.

म्हणून दात्यांस आमची विनंति तीन प्रकारची आहे. ज्यांस रोख रक्कम द्यावयाची असेल, त्यांनीं ती उन्हाळ्याची वाट न पाहतां हिवाळ्यांतच द्यावी. पावसाळा संपतांना विहिरींची पातळी पाहिली म्हणजे मे महिन्यांत काय होणार ह्याचा बराच अंदाज ऑक्टोबरांतच येतो; आणि त्या वेळीं पाचट, ठिबकाच्या नळ्या व टाक्या स्वस्त मिळतात. ज्या व्यापारी गृहस्थांजवळ मालमोटारी, टाक्या, नळ्या अथवा ताडपत्र्या असतील, त्यांनीं त्या वस्तुरूपानें अथवा उसन्या द्याव्या. ज्या जमीनदारांचीं शेतें मुबलक पाण्याच्या भागांत आहेत, त्यांनीं पाचट व गवत न जाळतां तें आमच्या हवालीं करावें. एका शेतांत जाळला जाणारा कचरा दुसऱ्या शेतांतील झाडाचें प्राणरक्षण करतो.

झाड बोलत नाहीं, हात पसरीत नाहीं, नाक्यावर येऊन उभें राहत नाहीं. तें दारें मिटून घेतें, मुकाट्यानें उपास काढतें, आणि मुदत संपली कीं वाळतें. त्या मुदतीच्या आंत पाणी पोंचविणें एवढेंच मनुष्याच्या हातीं आहे. आपल्या उदार हस्तांनीं तें घडावें, अशी प्रार्थना करून आम्ही हा लेख पुरा करतों.

आपले कृपाभिलाषी,
दुष्काळनिवारण समितीचे सेवक